दोन जॉन स्नो आणि एक हापसा

माणसाचं वय त्याला न विचारता काढायचं असेल, तर "जॉन स्नो कोण?" एवढंच विचारावं. सत्तरीच्या आसपासचा मराठी माणूस लगेच खुर्चीत सावरून बसतो आणि थेट १९७१ च्या लॉर्ड्सवर पोचतो. कसोटीचा शेवटचा दिवस, एकेरी धाव चोरायला निघालेला आपला सुनील, आणि त्याला खांद्यानं आडवा करणारा तो धिप्पाड इंग्लिश गोलंदाज. त्या स्नोनं मग पडलेली बॅट गावसकरकडे फेकली आणि त्याच्याच निवड समितीनं त्याला पुढच्या कसोटीतून बाहेर बसवलं, हे आजोबा अशा थाटात सांगतात, जणू शिक्षेच्या हुकमावर त्यांचीच सही होती. हा स्नो पाद्रीबाबांचा मुलगा होता आणि त्याचे दोन कवितासंग्रह निघाले, हे मात्र आजोबांना सांगू नये. ज्याच्यावर पन्नास वर्षं राग धरला तो कवी निघाला, हे या वयात सोसत नाही.

तिशीतल्या माणसाला हाच प्रश्न विचारला, तर त्याची नजर एकदम क्षितिजाकडे लागते. काळा केसाळ झगा, कुरळे केस, सोबतीला पांढराशुभ्र लांडगा, आणि चेहऱ्यावर गेले चार दिवस पोट साफ न झाल्याचा भाव. हा 'गेम ऑफ थ्रोन्स'मधला जॉन स्नो. तिसरा एक वर्ग आहे तो डॉक्टरांचा. एमबीबीएसला पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक, नावाचा विषय असतो, त्याच्या तासाला वर्गातले निम्मे जागे असतात आणि तेही नाइलाजानं. त्यांच्या मेंदूत मात्र एक कप्पा कायमचा भरलेला असतो: "जॉन स्नो, कॉलरा, ब्रॉड स्ट्रीट, १८५४, साथरोगशास्त्राचा जनक." एवढं एका दमात म्हणून ते पुन्हा ओपीडीकडे वळतात.

क्रिकेटवाल्या स्नोला आपण इथेच पॅव्हेलियनमध्ये धाडू. पुढे ओव्हलवर त्यानं गावसकरला दोन्ही डावांत बाद केलं, तरी सामना आपण जिंकला, हिशेब मिटला. गंमत उरलेल्या दोघांत आहे. इंग्रजीत मालिकेतल्या जॉनच्या नावात एक 'एच' कमी आहे. देवनागरीत तेवढाही आडोसा नाही. इंटरनेटवर डॉक्टरांचा शोध घ्यायला जावं, तर आधी तलवारवालाच पुढे येतो, आणि डॉक्टर बिचारे मागे आपल्या नंबराची वाट बघत उभे राहतात.

ज्यांनी मालिका पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची या कथेवरची पहिली कादंबरी आली १९९६ साली, मालिका चालली २०११ ते २०१९. त्या जगाच्या उत्तर टोकाला सातशे फूट उंचीची बर्फाची भिंत आहे. उत्तरेतल्या बड्या घराण्यांत लग्नाबाहेर झालेल्या मुलांना 'स्नो' हे आडनाव मिळतं, दक्षिणेच्या वाळवंटात 'सँड', वादळी मुलखात 'स्टॉर्म'. बापाचं नाव लपवायचं आणि हवामान मात्र जाहीर करायचं, अशी सोय. आपला स्नो भिंतीवरच्या पहारेकऱ्यांत भरती होतो. तिथले नियम कडक: बायको नाही, जमीन नाही, सुट्टी नाही. भिंतीपलीकडे मेलेली माणसं उठून फौजेनं चालत येत आहेत, हे तो डोळ्यांनी बघतो आणि सगळ्या राजेरजवाड्यांना सांगत सुटतो. कोणी ऐकत नाही. त्याची प्रेयसी तर उठताबसता त्याला सुनावते की तुला कशातलं काही म्हणता काही कळत नाही. हा तिचा खासगी शेरा लोकांनी जगभर टी-शर्टवर छापून घातला.

आता डॉक्टर जॉन स्नो. जन्म १५ मार्च १८१३, यॉर्क. म्हणजे उत्तरेचाच. घराणं बडं वगैरे काही नाही. बाप मजूर, नऊ भावंडांत हा थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका डॉक्टरकडे उमेदवारीला ठेवलं. आणि इथे मला पहिल्यांदा शंका आली की हे नुसतं नामसाधर्म्य नसावं, वर बसून कोणीतरी मुद्दाम जुळवाजुळव करतोय. मार्टिनना बर्फाची भिंत सुचली ती रोमन लोकांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीवर उभं असताना, असं त्यांनीच सांगितलंय. त्या भिंतीचं पूर्वेचं टोक न्यूकॅसलजवळ आहे. १८३१ साली कॉलरा बोटीतून उतरला तो जवळच्या संडरलंडला. बंगालातून निघालेली ही साथ मजल दरमजल करत तिथवर पोचली होती. मग ती किलिंगवर्थच्या कोळसा खाणीत शिरली आणि उमेदवारीतल्या अठरा वर्षांच्या स्नोला तिथे रोग्यांच्या सेवेला धाडण्यात आलं. किलिंगवर्थ कुठे आहे? भिंतीच्या उत्तरेला. म्हणजे जॉन स्नो नावाचा एक कोवळा पोरगा भिंतीपलीकडे गेला, तिथे मरणाची फौज पाहिली आणि परतल्यावर जन्मभर लोकांना सांगत राहिला की ती कुठून येते. मार्टिन जन्मण्याच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची ही गोष्ट.

ब्रह्मचर्याचं कलमही डॉक्टरांनी पाळलं, तेसुद्धा कोणी शपथ न घालता. तरुणपणीच एका पुस्तकाच्या नादानं ते शाकाहारी झाले, दारूबंदीची भाषणं देऊ लागले, आणि पाणी प्यायचं तर ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलं, असा नेम धरला. असा पाहुणा घरी येणार म्हटल्यावर लंडनच्या यजमानीणबाईंचं काय होत असेल, याची कल्पना मराठी गृहिणीला द्यायला नको. "आमच्यात चालतं सगळं, फक्त कांदा-लसूण, तळलेलं आणि नळाचं पाणी नको," म्हणणारे पाहुणे तिला परिचयाचे आहेत.

पुढे दोघांच्या आयुष्यात एकेक राणी येते, आणि इथे मात्र डॉक्टर सरस ठरतात. मालिकेतला स्नो शेवटी आपल्या राणीला मिठीत घेतो आणि तिच्या छातीत कट्यार खुपसतो. आमच्या डॉक्टरांनी ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाला रुमालावर क्लोरोफॉर्म टाकून हुंगायला दिला, त्रेपन्न मिनिटं थोडाथोडा, आणि राजपुत्र लिओपोल्डचा जन्म झाला. चार वर्षांनी राजकन्या बिॲट्रिसच्या वेळी राणीनं पुन्हा यांनाच बोलावलं. कट्यारवाल्याला दुसरं बोलावणं आल्याचं कुठे दिसत नाही.

भूल देण्यात त्या काळी लंडनमध्ये त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८४६ च्या शेवटी ईथर लंडनला पोचलं. लोक ते अंदाजपंचे देत होते, तेव्हा यांनी कोणत्या तपमानाला किती वाफ हवेत मिसळते याचं कोष्टक मांडलं, यंत्र बनवलं आणि वर्ष सरायच्या आत पुस्तक छापलं. क्लोरोफॉर्म आला तोही बेडकांवर, उंदरांवर आणि स्वतःवर करून बघितला. त्यांच्या मित्रानं एक किस्सा नोंदवून ठेवलाय. एका बाईंना भूल देताना त्या हटून बसल्या की राणीसाहेब भूल चढताना काय बोलल्या ते आधी सांगा, मगच मी हुंगेन. डॉक्टर म्हणाले, राणीसाहेबांनी तुमच्यापेक्षा बराच जास्त वेळ हुंगल्यावर मग प्रश्न विचारले. तुम्हीही राजनिष्ठेनं तसंच करा, सगळं सांगतो. बाईंनी हुंगलं. शुद्धीवर येईतो डॉक्टर घराबाहेर पडले होते. या माणसानं चेहऱ्यावर हसू मात्र दिसू दिलं नसावं. मला वाटतं, तो ते रस्त्यावर जाऊन हसत असावा.

तर आता हापसा.

१८५४ च्या ऑगस्टची ३१ तारीख. लंडनच्या सोहो भागात, डॉक्टरांच्या राहत्या घरापासून चालत काही मिनिटांवर, ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत कॉलरा फुटला. तीन दिवसांत सव्वाशेच्या वर माणसं गेली. साथ संपेतो आकडा सहाशेच्या पुढे सरकला. आपल्याकडे तेव्हा पटकीची साथ म्हणजे मरीआईचा कोप. लंडनच्या विद्वानांच्या मते तो घाण हवेचा कोप. दुर्गंधी हाच रोग, यावर सरकारी तज्ज्ञांपासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. तुलना करायचीच तर मरीआई परवडली. तिला गाड्यावरून निदान वेशीबाहेर तरी पोचवता येतं. हवेला कुठे पोचवणार?

स्नोचं म्हणणं १८४९ पासून एकच: हा रोग पोटाचा, म्हणजे तो तोंडातून आत जात असणार. रोग्याच्या पोटातलं पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि ते आपण पितो. हे ऐकून सभ्य लोकांनी नाकाला रुमाल लावले. विलायतेत आपण एकमेकांचं काय पितोय हे असं उघड बोलतात का?

ही वस्तुस्थिती घडवण्यात विलायती संडासाचा मोठा वाटा होता. घरोघर पाण्यानं साफ होणारे संडास आले, पण ते रिकामे होत तळघरातल्या मैल्याच्या खड्ड्यात, आणि खड्डे तुंबले की सरकारी आग्रहानं थेट थेम्स नदीत. प्यायचं पाणीही त्याच थेम्सचं. असा संडास इंग्लंडात पहिल्यांदा १५९६ साली पुस्तक लिहून जगासमोर मांडला तो सर जॉन हॅरिंग्टन यांनी. आणि मालिकेत जॉन स्नो साकारणाऱ्या नटाचं नाव? किट हॅरिंग्टन! इथे मी हात टेकले. मूळ जॉन हॅरिंग्टननं संडास काढला, जॉन स्नोनं त्याचे परिणाम निस्तरले, आणि हॅरिंग्टननंच शेवटी जॉन स्नो व्हावं! एवढा योगायोग मालिकेत घातला असता तर प्रेक्षकांनी पैसे परत मागितले असते.

साथ फुटली तेव्हा डॉक्टर दक्षिण लंडनमध्ये वेगळ्याच कामात गुंतले होते. तिथे एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ. लँबेथ कंपनीनं १८५२ मध्ये शहाणपण करून नदीच्या वरच्या अंगाहून पाणी घ्यायला सुरुवात केली होती. दुसरी, साउथवर्क अँड वॉक्सहॉल, अजून शहराच्या गटारांशेजारीच तोंड लावून बसली होती. डॉक्टर दारोदार जाऊन विचारत, घरात कोण दगावलं आणि नळ कुठल्या कंपनीचा. पुष्कळांना कंपनी माहीतच नसे, बिल घरमालक भरे. मग डॉक्टर बाटलीभर पाणी घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून मिठाचा अंश बघत. गटारवाल्या कंपनीच्या पाण्यात मीठ चाळीस पट. तलवार नाही, लांडगा नाही. हातात बाटली, आणि समोर दार लावून घेणारी बाई. हिशेब निघाला तो असा: दर दहा हजार घरांमागे लँबेथच्या पाण्यावर ३७ मृत्यू, दुसरीच्या पाण्यावर ३१५.

ब्रॉड स्ट्रीटवर त्यांनी तेच केलं. मेलेल्यांची यादी घेतली आणि घरं बघितली. बहुतेक सगळी एका हापशाच्या आसपास. यात नवल नाही, जवळच्याच हापशाचं पाणी लोक भरणार. नवल होतं ते अपवादांत, आणि मला विचाराल तर डॉक्टरांची खरी प्रतिभा इथेच. जे मेले त्यांच्याइतकेच जे मेले नाहीत त्यांच्याही मागे हा माणूस लागला. जवळच्या पोलंड स्ट्रीटवर अनाथ-गरिबांचं वर्कहाउस, ५३५ माणसं कोंबलेली. सगळ्या नियमांनी तिथे हाहाकार व्हायला हवा. मेली पाच. त्यांची स्वतःची विहीर होती. गल्लीतच एक ब्रुअरी, सत्तरच्या वर कामगार. एकही दगावला नाही. मालकाला विचारलं. तो म्हणाला, आमच्या माणसांना बिअर फुकट मिळते, ते पाणी पितात असं मला वाटतच नाही.

उलट बाजूनं हॅम्पस्टेडची एक विधवा. मैलोगणती लांब राहणारी, स्वच्छ हवेच्या टेकडीवर. तिथे कॉलऱ्याचा मागमूस नाही, आणि ही बाई कॉलऱ्यानंच गेली. डॉक्टर चौकशीला पोचले. मुलानं सांगितलं, आई पूर्वी ब्रॉड स्ट्रीटला राहायची. तिथे त्यांचा बंदुकीच्या कॅपांचा कारखाना. आईला त्या हापशाच्या पाण्याची चव इतकी आवडायची की रोज गाडीतून एक बाटली भरून वर पाठवत असू. त्या आठवड्यातही पाठवली. तिची इस्लिंग्टनची भाची भेटायला आली होती, तीही ते पाणी प्यायली, घरी गेली आणि वारली. आपल्याकडेही "आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्याची चव नाही हो इथल्या नळाला" म्हणणारी माणसं घरोघर आहेत. त्या चवीत काय काय असतं ते न सांगितलेलं बरं.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी डॉक्टर पॅरिशच्या समितीपुढे गेले. मालिकेतही अगदी असाच प्रसंग आहे. तिथे स्नो भिंतीपलीकडून एक जिवंत झालेलं मढं पेटीत घालून राजधानीत आणतो आणि राणीसमोर सोडतो. ते किंचाळत धावून येतं. पुरावा म्हणजे कसा! बिचाऱ्या डॉक्टरांकडे आकडे होते, आणि आकडे किंचाळत नाहीत. हापशाचं पुराण ऐकून समितीला काही फारसं पटलं नाही. पण माणसं मरत होती, दुसरं काही सुचत नव्हतं आणि या सूचनेला खर्च जवळजवळ शून्य होता. समित्या ज्या कारणासाठी ठराव पास करतात, त्यातलं हे सर्वात जुनं आणि भरवशाचं कारण. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला.

इथे नगारे वाजायला हवेत, पण डॉक्टरांनी स्वतःच लिहून ठेवलंय की तोवर सर्वात झोडपलेल्या गल्ल्यांतली तीन चतुर्थांशाहून जास्त वस्ती पळून गेली होती आणि साथ उतरतच होती. एवढा प्रामाणिकपणा कथानायकाला परवडत नाही. त्यांची बाजू सावरली ती हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्याच एका तरुण पाद्र्यानं. तो खरा तर स्नोला खोटं पाडायला निघाला होता. घरोघरचे लोक त्याच्या ओळखीचे, तेव्हा चौकशीही बारकाईनं केली, आणि करता करता तोच स्नोपंथी झाला. हापशाला लागून असलेल्या ४० नंबरच्या घरात साथ फुटण्याआधी एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं, हे त्यानंच हुडकलं. आईनं लंगोट धुतलेलं पाणी तळघराच्या खड्ड्यात ओतलं. खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्या आत, आणि दोन्हींच्या विटा ढासळलेल्या. त्याच बाळाचा बाप कॉलऱ्यानं आजारी पडला तो ८ सप्टेंबरला, नेमका दांडा काढला त्या दिवशी. बाई पुन्हा तेच पाणी त्याच खड्ड्यात ओतत होत्या. दांडा जागेवर असता तर सगळं नव्यानं सुरू झालं असतं. साथ ओसरल्यावर अधिकाऱ्यांनी काय केलं? दांडा परत बसवला.

मालिकेतल्या स्नोला त्याच्याच लोकांनी भोसकलं, कारण त्यानं भिंतीपलीकडच्या रानटी, बदनाम लोकांची बाजू घेतली. डॉक्टरांनी १८५५ मध्ये संसदेच्या समितीपुढे हाडं उकळणाऱ्यांची आणि साबण करणाऱ्यांची बाजू घेतली. यांच्या धंद्याला वास येतो हे खरं, पण वासानं साथ येत नाही, एवढंच ते म्हणाले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं संपादकीयात त्यांना असं सोललं की हे डॉक्टर आपली सत्यं गटारातून उपसतात, इथवर मजल गेली. गटाराचा मुद्दा त्यांचाच होता हे संपादकांच्या ध्यानात आलं नसावं.

१८५८ च्या जूनमध्ये लंडन नासलं. उन्हाळा कडक, थेम्स म्हणजे वाहता मैला, संसदेच्या खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या द्रावणात भिजवून टांगलेले. आणि नेमक्या त्याच दिवसांत, १६ जूनला, भुलीवरचं पुस्तक पुरं करता करता डॉक्टर स्नो पक्षाघातानं गेले. वय ४५. वास खासदारांच्या नाकाशी आला म्हटल्यावर पैसा लगेच मंजूर झाला, इंजिनिअर बॅझलजेटसाहेबांनी प्रचंड गटारं बांधली, मैला शहराखाली दूर गेला आणि कॉलरा हटला. वासानं रोग होतो या चुकीच्या समजुतीपायी बरोबर काम झालं. सरकारी कामाचा हा प्रकार फक्त आपल्याकडेच असतो असं मी समजत होतो.

मालिकेतला स्नो २०१५ च्या जूनमध्ये मेला आणि पुढच्या मे महिन्यात एका लाल झग्यातल्या मांत्रिकबाईनं त्याला उठवून बसवलं. मधले साडेदहा महिने जगभरच्या तरुणांनी अन्न गोड लागू दिलं नाही. डॉक्टरांच्या मृत्यूची बातमी लॅन्सेटनं दोन-चार ओळींत आटपली. क्लोरोफॉर्मचा उल्लेख केला, कॉलऱ्याचा नाही. ही चूक त्यांनी २०१३ साली दुरुस्त केली. १५५ वर्षांनी! मांत्रिकबाई कितीतरी तत्पर. मधल्या काळात १८६६ ची साथ आली, आणि आयुष्यभर हवेचा पक्ष घेतलेले सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार पाण्याच्या बाजूला आले. पुढे रॉबर्ट कॉखनं इजिप्त आणि कलकत्त्यात जंतूच पकडून दाखवला, तेव्हा बाकीचेही हळूहळू आले.

आज सोहोत त्या जागी बिनदांड्याच्या हापशाची प्रतिकृती उभी आहे. डॉक्टरांच्या नावानं एक सोसायटी आहे, ती दर सप्टेंबरला व्याख्यान ठेवते आणि सभेत विधिपूर्वक हापशाचा दांडा काढते. आणि कोपऱ्यावर आहे 'द जॉन स्नो'. हा पब आहे. दारूबंदीची भाषणं देत फिरलेल्या माणसाचं नाव १९५५ साली त्याला देण्यात आलं, आणि सोसायटीच्या सभासदांवर बंधन एकच: लंडनला आलात की तिथे हजेरी लावायची. जगभरचे सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक भक्तिभावानं तिथे जातात आणि गुरूचं स्मरण करत बिअर पितात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पुराव्याच्या दृष्टीनं त्यांची बाजू भक्कम आहे. ब्रुअरीतला एकही माणूस मेला नव्हता.